'व्हेरिफाइड' केअरटेकर म्हणजे नेमकं काय? घरी येणारी रुग्णसेवा बुक करण्याआधी हे तपासा

घरात आजी पडली, बाबांचं ऑपरेशन झालं, आत्याला पॅरालिसिसचा झटका आला, की दोन दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अरे, तू मोबाईलवर बघ ना, कुणी बाई मिळते का." हे काम घरातल्या सगळ्यात लहान पण सगळ्यात जास्त ऑनलाइन असलेल्या माणसावर येतं. म्हणजे तुमच्यावर.

तुम्ही सर्च करता. पाच-सहा ॲप्स, दहा-बारा ब्युरो दिसतात. प्रत्येकाकडे 'व्हेरिफाइड', 'ट्रेन्ड', '२४ तास उपलब्ध' आणि ४.८ स्टार. चार्जर घेतानाही आपण हेच बघतो. पण चार्जर खराब निघाला तर परत करता येतो. इथे एक अनोळखी व्यक्ती आपल्या घरात, आपल्या सगळ्यात अशक्त माणसाजवळ, बऱ्याचदा एकटीच बारा तास असणार आहे.

गेल्या काही महिन्यांत आमच्या घरासाठी मी हे शोधकाम केलं. ॲप्सच्या अटी वाचल्या, ब्युरोवाल्यांशी बोललो, कायदा चाळला. त्यातून हाती लागलं ते असं: ॲप तुम्हाला 'कोण येणार' हे बऱ्यापैकी सांगतं. 'तिला काय येतं' हे अर्धवट सांगतं. आणि 'खोलीत रोज काय चाललंय, चुकलं तर कोण उत्तर देणार' हे जवळपास सांगतच नाही. पेशंटची सुरक्षितता मात्र याच शेवटच्या भागावर ठरते. तो भाग कसा तपासायचा, ते बघू.

आत्ताच हा विषय का?

मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला मदतनीस पाठवणारी सेवा सुरू केली. सुरुवातीला नाव होतं 'इन्स्टा मेड्स', दर तासाला ४९ रुपये. सोशल मीडियावर टीका झाली आणि नाव बदलून 'इन्स्टा हेल्प' केलं गेलं. ती सेवा भांडी-झाडूपोछाची आहे, रुग्णसेवेची नाही. पण त्यातून एक सवय लागते: माणूसही पार्सलसारखा ट्रॅक करून मागवता येतो. तीच सवय घेऊन आपण केअरटेकर शोधायला जातो.

दुसरीकडे गरज खरंच वाढतेय. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या 'इंडिया एजिंग रिपोर्ट २०२३' नुसार २०२२ मध्ये भारतात ६० वर्षांवरचे सुमारे १४.९ कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १०.५ टक्के. २०५० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाईल असा अंदाज आहे. मुलं पुण्यात, बेंगळुरूत नाहीतर दुबईत, आणि आई-वडील साताऱ्यात किंवा जळगावात, हे चित्र नवीन राहिलेलं नाही. हॉस्पिटलंही पेशंटला लवकर घरी सोडतात. मग घरच वॉर्ड होतं आणि सिस्टरची जागा 'मावशी' घेते.

आधी ठरवा: तुम्हाला नर्स हवी आहे की अटेंडंट?

पहिला गोंधळ इथेच होतो. ॲपवर दोघींचे फोटो सारख्याच युनिफॉर्ममध्ये असतात. कामं मात्र वेगळी आहेत.

*अटेंडंट* (केअरटेकर, आया, मावशी, वॉर्डबॉय, नावं अनेक): अंघोळ घालणं किंवा अंग पुसणं, डायपर बदलणं, भरवणं, कुशीवर वळवणं, चालवणं, डब्यात लावून ठेवलेल्या गोळ्या वेळेवर देणं, सोबत.

*नर्स* (एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली): इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर किंवा राईल्स ट्यूब टाकणं, मोठ्या जखमेचं ड्रेसिंग, ट्रेकिओस्टॉमीची काळजी.

नर्सला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. शिवाय इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टीममधून नर्सला एक राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. त्यामुळे नर्स मागवत असाल तर थेट विचारा: "नोंदणी क्रमांक काय? नूतनीकरण झालंय का?" खऱ्या नर्सला या प्रश्नाचा राग येत नाही.

अटेंडंटसाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. कोर्सेस आहेत. हेल्थकेअर सेक्टर स्किल काउन्सिलचे 'जनरल ड्युटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' हे त्यातले माहितीतले. पण कोर्स न करताही कुणी हे काम करू शकतं, आणि वर्षानुवर्षं करून उत्तम शिकलेल्या बायकाही खूप आहेत. म्हणून सर्टिफिकेट नसणं म्हणजे वाईट अटेंडंट असं अजिबात नाही. फक्त ॲपने 'ट्रेन्ड' लिहिलं असेल तर कुठे, किती दिवस आणि कशाचं ट्रेनिंग हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मी एका ॲपला हे विचारलं. उत्तरादाखल त्यांनी त्यांच्याच कंपनीच्या आयकार्डचा फोटो पाठवला. आयकार्ड म्हणजे ट्रेनिंग नव्हे, हे समजावण्यात आणखी दोन फोन गेले.

आणि एक स्पष्ट नियम घरात ठरवून टाका. पैसे वाचतात म्हणून अटेंडंटला "तेवढं इंजेक्शन देऊन टाका मावशी" असं कधीही म्हणायचं नाही. इन्सुलिनचं पेन कोण देणार, किती युनिट, जेवले नाहीत तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. एकदा मावशीने आणि एकदा घरातल्याने असा दोनदा डोस गेला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

'व्हेरिफाइड' या हिरव्या टिकमागे काय असतं?

टिक एक, अर्थ पाच. ॲप यातलं नेमकं काय तपासतं ते बघा.

१. ओळख. आधारवरची व्यक्ती हीच का? आधारच्या क्यूआर कोडवर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. यूआयडीएआयच्याच ॲपने तो स्कॅन केला की खरी माहिती दिसते. नुसत्या झेरॉक्सवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर काहीही एडिट करता येतं. दारात आल्यावर चेहरा आणि फोटो जुळवा. 'आज ती आली नाही म्हणून बहिणीला पाठवलंय' हे या क्षेत्रात सर्रास चालतं. ओळख पटल्यावर पूर्ण आधारची कॉपी फोनमध्ये साठवून ठेवू नका. मास्क्ड आधार पुरतं. तिचा डेटा सांभाळणं हीपण आपली जबाबदारी आहे.

२. पत्ता. सध्या कुठे राहते, तिच्या घरच्यांपैकी कुणाचा नंबर आहे का. ही माहिती फक्त चोरीच्या भीतीने घ्यायची नसते. उद्या तिलाच चक्कर आली तर फोन कुणाला करणार?

३. पोलीस पडताळणी. चारित्र्य पडताळणीचा दाखला महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून मिळतो. त्यावर तारीख असते, ती बघा. दाखला त्या दिवसापर्यंतच्या पोलीस नोंदी सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा दाखला पुढच्या तीन वर्षांबद्दल गप्प असतो. आणि ज्याची कधी तक्रारच झाली नाही, ते कुठल्याच दाखल्यावर येत नाही.

४. शिक्षण. स्किल इंडियाच्या सर्टिफिकेटवर क्यूआर असतो, अनेक सर्टिफिकेट्स डिजिलॉकरवरही मिळतात. स्कॅन करायला अर्धा मिनिट लागतो.

५. अनुभव. मला सगळ्यात कामाची वाटलेली आणि ॲप्सवर सगळ्यात कमी दिसणारी गोष्ट. आधीच्या दोन घरांचे फोन नंबर मागा (त्या घरांची परवानगी घेऊनच). फोनवर "चांगली होती का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: "तुमच्या पेशंटला काय त्रास होता? मावशी किती दिवस होत्या? का सोडलं? पुन्हा बोलवाल का?" शेवटच्या प्रश्नानंतर समोरचा क्षणभर थांबला, तर तेच उत्तर समजा.

बहुतेक ठिकाणी टिकचा अर्थ पहिल्या एक किंवा दोन पायऱ्यांपुरताच असतो. टिक खोटी नसते. ती अपुरी असते.

४.८ स्टार दिले कुणी?

आमच्या आजीचं मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, तेव्हा एका संस्थेकडून मावशी आल्या. वेळेवर आल्या, बोलायला गोड, आजीला आवडल्या. पहिल्याच संध्याकाळी ॲपने पुण्यातल्या मामाकडे रेटिंग मागितलं, कारण बुकिंग त्याच्या नंबरवरून झालं होतं. त्याने पाच स्टार दिले. नवव्या दिवशी फिजिओथेरपिस्टने मोजा काढला तर आजीच्या टाचेवर लाल चट्टा. दाबला तरी तो पांढुरका होत नव्हता. बेडसोरची ही पहिली पायरी. मावशी आळशी नव्हत्या. पाठ आणि कंबर त्या रोज बघत होत्या. टाचही बघायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. संस्थेला फोन केला तर उत्तर आलं: "उद्या बदली पाठवतो." म्हणजे चांगली मावशी गेली असती आणि टाच न बघणारी दुसरी आली असती. बदली घेतली नाही. फिजिओने मावशींना पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची ते दाखवलं. चट्टा गेला.

ॲपवर मात्र आजही ते पाच स्टार तसेच आहेत.

रेटिंगची अडचण यात नेमकी दिसते. एक, स्टार देतो तो बुक करणारा आणि सोसतो तो पेशंट. ज्यांना बोलता येत नाही, विस्मरण आहे, त्यांचं मत कुठेच जमा होत नाही. दोन, रेटिंग पहिल्या एक-दोन दिवसांत मागतात, पण निष्काळजीपणा उघड व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तीन, स्टार वागणुकीला मिळतात. हसून बोलणं दिसतं, दर दोन तासांनी कूस बदलणं दिसत नाही.

ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आणलं. रिव्ह्यू कोण लिहितं, तो कसा तपासला जातो, याचे नियम त्यात आहेत. पण ते ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. त्यामुळे रिव्ह्यू वाचायचं कसब आपल्यालाच हवं:

- सगळ्यात कमी स्टारवाले आधी लावा, मग तीन स्टारवाले वाचा. तीन स्टार देणारा माणूस बहुधा तपशील लिहितो.
- 'फोन उचलत नाहीत', 'रोज नवीन बाई', 'ॲडव्हान्स परत दिला नाही' हे शब्द शोधा. एकच तक्रार चार वेळा दिसली तर ती सवय आहे.
- एकाच आठवड्यात वीस रिव्ह्यू, सगळे दोन ओळींचे, आणि एकातही पेशंटच्या त्रासाचा उल्लेख नाही? पुढे चला.
- कंपनीची उत्तरं वाचा. प्रत्येक तक्रारीखाली तेच कॉपी-पेस्ट असेल तर तक्रारीचं पुढे काय होतं ते कळलंच.

कायदा आहे की नाही?

हॉस्पिटलसाठी आहे. महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलांना नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली (१९४९ चा) नोंदणी करावी लागते. पण तो कायदा जागा आणि खाटा यांच्याभोवती फिरतो. तुमच्या हॉलमध्ये टाकलेली खाट त्यात येत नाही. ब्युरोवाला भिंतीवरचा 'शॉप ॲक्ट'चा कागद दाखवेल. तो कागद दुकान आहे एवढंच सांगतो. आत दिली जाणारी सेवा बरी की वाईट, हे तो तपासत नाही.

ही फट भरायचा प्रयत्न झाला होता. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. त्यात 'होम केअर' सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित अटेंडंट आणि पोलीस पडताळणी सक्तीची करायची तरतूद होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, रखडलं, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळलं. घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानेही २९ जानेवारी २०२५ ला केंद्राला सांगितलं.

इंग्लंडमध्ये हे काम केअर क्वालिटी कमिशन करतं. घरी जाऊन अंघोळ, कपडे, भरवणं अशी वैयक्तिक काळजी देणाऱ्या संस्थेला तिथे नोंदणी सक्तीची आहे. तपासणी पाच प्रश्नांवर होते: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि संस्था नीट चालवली जाते का. त्यावरून चार श्रेणी मिळतात आणि त्या लोकांना दिसतील अशा लावाव्या लागतात.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. डॉ. पेनी डॅश यांच्या २०२४ च्या आढाव्यात याच कमिशनवर कडक ताशेरे आले. तपासणीच्या कक्षेतल्या जवळपास पाचपैकी एका ठिकाणाला कधीच रेटिंग मिळालेलं नव्हतं. म्हणजे सरकारी शिक्कासुद्धा शिळा असू शकतो. पण ते पाच प्रश्न चांगले आहेत, आणि विचारायला इन्स्पेक्टर लागत नाही.

आपल्याकडे काही मोठ्या होम केअर कंपन्या ऐच्छिक मान्यता घेतात. क्वालिटी अँड ॲक्रेडिटेशन इन्स्टिट्यूट अशी मान्यता देतं. ती असेल तर जमेची बाजू, पण कोणत्या शहरातल्या शाखेसाठी आणि कधीपर्यंत, हे विचारा.

बुकिंगआधीचा दहा मिनिटांचा फोन

चॅटबॉट नको, माणसाशी बोला. हे सहा प्रश्न:

१. पहिल्या दिवशी पेशंट बघायला तुमची नर्स किंवा सुपरवायझर येणार का, की थेट अटेंडंट?
२. कामाची यादी लेखी देता का?
३. नंतर किती दिवसांनी कुणी येऊन तपासतं?
४. रात्री दोन वाजता काही झालं तर कोणता नंबर? (तो नंबर तिथेच लावून बघा.)
५. मावशी आल्या नाहीत तर किती तासांत बदली, आणि नव्या बाईला पेशंटची माहिती कोण देणार?
६. काही चुकलं तर जबाबदारी कुणाची?

सहाव्या प्रश्नावर गाडी अडते. अनेक ॲप्सच्या अटींमध्ये बारीक अक्षरात असतं की आम्ही फक्त दुवा आहोत, सेवा देणारी व्यक्ती स्वतंत्र आहे. अटींच्या पानावर 'मध्यस्थ', 'स्वतंत्र', 'जबाबदार नाही' या अर्थाचे शब्द शोधून तो भाग वाचाच. आणि अख्ख्या महिन्याचे पैसे आधी देऊ नका. आठवड्याच्या ट्रायलला नाही म्हणणारी संस्था असेल तर दुसरी बघा.

खरा रिपोर्ट तुमच्या फोनमध्ये बनतो

ॲप देत नाही ती माहिती आपण स्वतः तयार करू शकतो. महागडं काही लागत नाही. एक वही, एक व्हॉट्सॲप ग्रुप बास. ग्रुपमध्ये घरातले दोघे-तिघे आणि मावशी. मावशींना टाइप करणं जमत नसेल तर व्हॉइस नोट. रोज एवढंच:

- गोळ्या: सकाळ-दुपार-रात्र, दिल्या की नाही, डब्याचा फोटो.
- खाणं-पाणी: काय खाल्लं, किती ग्लास. ठसका लागला का? राईल्स ट्यूबने भरवताना आणि नंतरही काही वेळ डोक्याकडची बाजू उंच ठेवली का?
- लघवी-संडास: कॅथेटर असेल तर पिशवी किती भरली, रंग कसा. पिशवी कायम कमरेच्या खाली.
- कूस बदल: झोपून असलेल्या पेशंटची साधारण दर दोन तासांनी. वेळ लिहायची, नुसती बरोबरची खूण नाही.
- त्वचा: दिवसातून एकदा कंबर, माकडहाड, कोपर, टाचा. सावळ्या त्वचेवर चट्टा लाल न दिसता जांभळट किंवा गडद दिसू शकतो.
- आकडे: बीपी, शुगर, ताप. मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढला की लिहिण्यातली चूक टळते.
- पडणं किंवा पडता पडता वाचणं: दोन्ही सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल ओरडायचं नाही. ओरडलात तर पुढच्या वेळी कळणारच नाही.

एक पथ्य: अंगाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरांना दाखवायला लागलाच तर पेशंटला विचारून काढा, थेट डॉक्टरांना पाठवा, आणि मग डिलीट करा किंवा लॉक्ड फोल्डरमध्ये ठेवा. आजीचा आब कुटुंबाच्या ग्रुपपेक्षा मोठा आहे.

आठवड्याने ही नोंद वर-खाली करून बघा. सातही दिवस सगळं 'ओके' आणि अक्षर-वेळ एकसारखी असेल तर कुणीतरी संध्याकाळी एकदम भरतंय. कधी 'आज दुपारी जेवल्या नाहीत' असंही दिसत असेल, तर सेवा खरी चालू आहे.

कॅमेरा लावावा का?

हजार-दोन हजारांत वायफाय कॅमेरा मिळतो, त्यामुळे हा पहिला विचार असतो. माझं मत: लावा, पण सांगून. हॉलमध्ये किंवा पलंगाकडे बघणारा, दिसेल असा. बाथरूम, कपडे बदलायची जागा, मावशी झोपते ती जागा यांत बिलकूल नाही. कुणाच्या खासगी अवयवांचं संमतीशिवाय चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, आणि घर आपलं असलं म्हणून सूट मिळत नाही. डायपर बदलताना कॅमेरा फिरवायचा किंवा बंद करायचा, हेही ठरवा. डिफॉल्ट पासवर्ड लगेच बदला, टू-स्टेप लॉगिन चालू करा, लॉगिन भावकीभर वाटू नका.

आणि कॅमेऱ्याकडून फार अपेक्षाही नको. मारहाण त्यात दिसेल. गोळी चुकली, पाणी कमी गेलं, टाच लाल झाली, हे दिसणार नाही.

तिची झोप हा आपल्या पेशंटचा प्रश्न आहे

'२४ तास ड्युटी' हा शब्द आपण सहज वापरतो. एकच माणूस २४ तास जागं राहू शकत नाही. रात्री चार वेळा उठावं लागणाऱ्या पेशंटसाठी एकच मावशी ठेवली, तर तिसऱ्या दिवशी ती पेंगत गोळ्या देणार. दोन पाळ्या परवडत नसतील तर दिवसा तिची सलग झोप ठरवा आणि त्या वेळेत घरातलं कुणीतरी थांबा.

पैशांचंही बोला. ब्युरो आपल्याकडून घेतो ती रक्कम आणि तिच्या हातात पडते ती रक्कम वेगळी असते. संस्थेला विचारा, तिला किती आणि कधी देता? सुट्टी कधी? पगार रखडवणाऱ्या संस्थेची बाई महिन्यात सोडून जाते, आणि नव्या बाईला सगळं पहिल्यापासून शिकवताना चुका होतात. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे. आपल्या घरात तीही सुरक्षित असायला हवी. चांगली सेवा मागताना हे विसरून चालत नाही.

बिघडलंच तर

- जीवाला धोका, मारहाण: ११२. रुग्णवाहिका: १०८.
- ज्येष्ठांसाठी मार्गदर्शन, छळाची तक्रार: एल्डरलाइन १४५६७.
- पैसे, फसवणूक, सेवेतली त्रुटी: आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते.

इथे ती व्हॉट्सॲपची नोंद कामाला येते. 'काळजी नीट घेतली नाही' हे मत झालं. 'सहा दिवसांत चार वेळा रात्रीची गोळी चुकली, या तारखांना कळवलं, उत्तर आलं नाही' हा पुरावा.

थोडक्यात

ॲप वाईट नाहीत. पूर्वी गल्लीतल्या ओळखीवर मिळणारी मावशी आता ओळख नसलेल्या शहरातही मिळते, ही मोठी सोय आहे. पण ॲपला बुकिंग दिसतं, हजेरी दिसते, पेमेंट दिसतं. पेशंट दिसत नाही. जोपर्यंत कायदा संस्थांना नोंदणी आणि तपासणी सक्तीची करत नाही, तोपर्यंत तपासणारे आपणच आहोत.

आणि सगळ्या चेकलिस्टच्या आधी एक काम. मावशी बाहेर गेल्या असताना पेशंटजवळ दहा मिनिटं बसा आणि विचारा: "त्यांचा हात लागतो तेव्हा दुखतं का? हाक मारली की येतात का? तुम्हाला त्या हव्यात का?" बोलता येत नसेल तर मावशी खोलीत शिरताना पेशंटचा चेहरा बघा. बुकिंग तुमच्या नंबरवरून झालंय, पण रेटिंग द्यायचा पहिला हक्क त्यांचा आहे.